कोयत्यावरचा हात

प्रवीणची मुलगी धनश्री दहावीत गेली त्या साली, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, भागीरथी आणि तिचा नवरा बन्सी पाथर्डीकडचं गाव सोडून नगरला प्रवीणच्या, आपल्या मुलाच्या, नव्या घरी राहायला आले. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टसाठी खड्डा होता, लिफ्ट अजून बसायची होती. बन्सीला चार पावलं टाकली की दम लागायचा, म्हणून प्रवीणनं आणि टेम्पोच्या ड्रायव्हरनं, राधाकृष्णनं, त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. दुसऱ्या मजल्यावर दोघं टेकले. राधाकृष्ण घाम पुसत म्हणाला, "आबा, तुमच्यापरीस उसाची मोळी जड असती बरं का." बन्सी खुर्चीतल्या खुर्चीत श्वास गोळा करत म्हणाला, "मोळी बोलत न्हाई, येवढाच फरक." दोघंही हसले. मागून उशी आणि औषधांची पिशवी घेऊन चढणारी भागीरथी हसली नाही. ती पायऱ्या बघत होती. माणूस असा वर चढवला तर खाली कसा उतरवायचा, हे ती मनात जुळवत होती, आणि ते जुळत नव्हतं.

वर सून जयमाला दारात तांब्याभर पाणी घेऊन उभी होती. तिनं पाण्याबरोबर भाकरीचा तुकडा सासू-सासऱ्यांवरून ओवाळून टाकला, दूध उतू जाऊ दिलं, आणि भिंतीवरच्या रंगाला हात लागू नये म्हणून सगळ्यांना दोनदा सांगितलं. त्या दिवशी एवढंच झालं. धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो इतका लहान होता की घरात दुसऱ्या कुणाला कळलासुद्धा नाही. बन्सी खिडकीजवळच्या पलंगावर बसून गावाकडच्या सहादेवशी फोनवर बोलत होता. सहादेव त्यांचा शेजारी, शेळ्यावाला. घराची किल्ली त्याच्याकडे दिली होती. भागीरथी खाली फरशीवर लसूण सोलत होती. बन्सी म्हणाला, "हां, घरीच हाय की." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो जरा चिडून म्हणाला, "कुटल्या घरी म्हंजे? आमच्या घरी. नगरला." आणि पुढं शेळ्यांचं बोलू लागला. भागीरथीच्या बोटांत लसणाची पाकळी तशीच राहिली.

तीस हंगाम ते दोघं ऊस तोडायला गेले होते. दसरा झाला की निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. दर सालाला नवं रान, नवी कोपी. चार बांबू, वरून पाचट, आत वाकून शिरायचं. त्या कोपीत सहा-सहा महिने काढले, प्रवीणचं जावळ तिथं काढलं, बन्सीचे ताप तिथं उतरले, पण बन्सीनं कधी चुकून त्या जागेला घर म्हटलं नाही. कोपीवर जातो म्हणायचा, अड्ड्यावर हाय म्हणायचा. तापात बडबडतानाही त्याचं घर ते एकच असायचं. डोंगराच्या पायथ्याचं, दोन खणांचं, दारात बोरीचं झाड असलेलं. आणि इथं एका रात्रीत त्याच्या तोंडून ते निघालं. असं सहज, शेळ्यांच्या बोलण्यात. कुणी पाहुण्यानं जाताना आपलीच चप्पल घालून जावी आणि आपण बघत राहावं, तसं तिला झालं. तिनं लसूण सोलून वाटी आत नेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागत होता.

कोपीत बिऱ्हाड लावायला तिला अर्धा दिवस पुरायचा. तीन दगड, त्यावर तवा. कोपऱ्यात पिठाचा डबा, बांबूला रॉकेलची चिमणी, बाजूला गोधड्या. संध्याकाळी भाकरीचा वास सुटला की बिऱ्हाड लागलं. इथं तिसरा दिवस झाला तरी तिला मिठाची बरणी सापडत नव्हती. सगळ्या वस्तूंना जयमालानं आधीच जागा देऊन ठेवल्या होत्या आणि सगळ्या जागांना दारं होती. दार उघडलं की मागं सारख्याच बरण्या. फरशी अशी गुळगुळीत की पाय धरत नव्हता. ती भिंतीच्या कडेनं चालायची, पण भिंतीला हात लावायचा नाही हेही तिच्या ध्यानात असायचं. जयमाला चांगली होती. ती म्हणाली, "आत्या, उभ्यानं भाकरी थापायची सवय हुईल हळूहळू." भागीरथी म्हणाली, "वाकून ऊस तोडला, बसून भाकर थापली. उभ्यानं काय केलंच न्हाई गं आमी." जयमाला हसली आणि तिनं परातीखाली ठेवायला एक पाट आणून दिला. मग भागीरथी स्वयंपाकघराच्या मधोमध खाली बसून भाकरी थापायची, आणि उठून, गुडघ्याला हात देऊन, वर ओट्यावरच्या तव्यात टाकायची. खाली बसायचं, वर उठायचं. पाच भाकरींना पाच वेळा. तेवढा वेळ डोकं रिकामं राहायचं, म्हणून ती सहावीही थापायची.

डोकं रिकामं राहिलं नाही की गहिनीनाथ यायचा. गहिनीनाथ आणि त्याची बायको बनुबाई त्यांच्याच गावचे, त्यांच्याच टोळीतले, कोपीला कोपी लागून. प्रवीण तेव्हा चार वर्षांचा होता. पश्चिमेकडं, नदीकाठच्या एका गावात टोळी उतरली होती. गहिनीनाथ पोटात दुखतंय म्हणत तीन दिवस ऊस तोडत राहिला आणि चौथ्या दिवशी उजाडताना गेला. गाव दूर, गाडी मिळेना. मुकादम म्हणाला, दिवस वर यायच्या आत उरका, रानमालक यायचाय. ओढ्याच्या काठाला एक बाभळ होती, तिच्या अंगाला त्याला जाळलं. लाकडं कमी पडली म्हणून पाचट टाकलं, आणि पाचट भसकन पेटून लगेच विझायचं, पुन्हा टाकायचं, पुन्हा विझायचं. ते भसकन पेटणं भागीरथीच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी टोळी रानात उतरली. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून मुकादमानं बनुबाईला अर्धा कोयता धरलं. ती अर्धा कोयता झाली आणि हंगाम संपेपर्यंत तोडत राहिली, कुणाशी न बोलता, मोळ्या बांधताना गाठ जरा जास्तच आवळून.

पुढच्या सालाला टोळी फिरून त्याच गावात आली. बनुबाई आली नव्हती. ओढ्याकाठचं रान मालकानं सपाट करून घेतलं होतं, बाभळ काढली होती, आणि तिथं डोक्याच्या वर ऊस उभा होता. तो तोडायचं काम बन्सी-भागीरथीच्या वाट्याला आलं. बन्सी पहिल्या सरीच्या तोंडाशी कोयता घेऊन उभा राहिला. "हितंच का गं?" तो म्हणाला. भागीरथीनं इकडं-तिकडं बघितलं. ओढा तोच होता, पण काठ कुठून कुठं गेला होता तिला कळेना. "आसंल," ती म्हणाली. "का थोडं वरलीकडं." दोघं दिवसभर तोडत गेले, आणि प्रत्येक बुडख्यापाशी बन्सी खाली बघायचा. काळी माती, पाचट, मुंग्या. दुसरं काही नव्हतं. एवढा सहा फुटांचा माणूस, टोळीतला सगळ्यात मोठा आवाज त्याचा, आणि तो कुठं ठेवला हे त्याला ठेवणाऱ्यांनाच सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी बन्सीनं कोपीपुढं कोयता जमिनीवर आडवा ठेवला आणि तिचा हात धरून त्याच्या पात्यावर टेकवला. "मला भाईर ठिवायचं न्हाई," तो म्हणाला. "कसंबी करून घरी न्यायचं."

"आसं का बोलता तिन्हीसांजेला?"

"हात काढू नको. म्हन."

"आन् मेल्यालं मानूस मी येकटी कशी न्हेऊ?"

"म्हनून तर जित्ता आसतानाच न्यायचं. तुला कळंल. मला कळो न कळो, तुला कळंल."

तिनं म्हटलं. कोयत्याचं पातं दिवसभराच्या कामानं कोमट होतं आणि उसाच्या रसानं चिकट. हात काढताना तळवा जरासा ओढला गेला. छत्तीस वर्षं झाली त्याला. कोयत्यावर ज्यांचं पोट, त्यांनी कोयत्यावर हात ठेवून बोललेलं मोडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. बाकी ती अडाणीच होती तेव्हा. अक्षरं तिला फार उशिरा आली. धनश्री पहिली-दुसरीला गावी आजीजवळ होती, तेव्हा तिच्या पाटीवरून ती शिकली, सत्तावन्नाव्या वर्षी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रवीणनं तिला जिन्यात थांबवलं. तो एमआयडीसीत सुपरवायझर होता, कामावरून आला की त्याच्या शर्टाला तेलाचा वास यायचा. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "आई, डॉक्टरांनी फोटो बघितले छातीचे. दोन महिने म्हणले. लई तर तीन." तो म्हणाला, "म्हणून तर घाई केली घराची. अजून लिफ्ट नाही, नळाचं एक काम राहिलंय, पण म्हटलं आबांनी मुलाचं घर बघावं. दवाखाना पाच मिनिटांवर हाय. रात्री-बेरात्री काही झालं तर..." त्याच्या बोटात नव्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि बोलताना तो एकेक किल्ली सरकवत होता. आत्ता म्हणायला हवं होतं. त्यांना गावी न्यायचंय, माझा शब्द आहे. ते शब्द तिच्या जिभेवर येऊन बसले होते. पण या पोराला तिनं पाचटात झोपवलं होतं. थंडीत त्याच्या अंगावर पाचटाचं ओझं ओढून घेऊन झोपवलं होतं. त्यानं स्वतःच्या हिमतीवर भिंती उभ्या केल्या, आणि पहिल्या आठवड्यात आईनं म्हणायचं की तुझा बाप या भिंतींत मरायला नको. "चहा घेतोस का?" ती म्हणाली.

त्यानंतर ती बन्सीवर नजर ठेवून राहिली. त्याच्या तोंडून गावाचं काही निघतंय का, जीव तिकडं ओढतोय का, हे ती बघायची. निघत नव्हतं. खिडकीतून बायपास दिसायचा. हंगाम सुरू झाला होता. उसानं भरलेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, दिवसभर जायचे. बन्सी खिडकीच्या गजाला धरून बघायचा आणि खूश व्हायचा. "बीडवाले हायेत बघ. मोळीची बांधनीच सांगती." किंवा, "ह्यांनी शेंड्याचं वाढं नीट तोडलं न्हाई. आमचा मुकादम आसता तर कान उपटला आसता." सकाळी गरम पाण्याचा नळ सोडून तो हात धरून बसायचा, उगीच, पाणी वाहू देत. जयमाला म्हणायची, "मामा, लाईट बिल येतं त्याचं." तो म्हणायचा, "येऊ दे की. आख्ख्या जल्मात हात गरम झाले न्हाईत." आणि जयमालाही मग नळ बंद करत नव्हती. धनश्री शाळेतून आली की त्याच्या पायथ्याशी बसून इतिहास मोठ्यानं वाचायची. तो मध्येच म्हणायचा, "ह्या राजाला कारखाना व्हता का?" ती म्हणायची, "आबा, गप्प बसा ना, माझी परीक्षा आहे." तो तोंडावर बोट ठेवायचा आणि डोळ्यांनी हसायचा. भागीरथीनं त्याला असं हसताना किती वर्षांत बघितलं नव्हतं. बघून बरं वाटायला हवं होतं. तिला भीती वाटायची. हा कोण माणूस आहे, ज्याला बाहेर इतकं बरं वाटतं? तिनं कोयत्यावर हात ठेवला तो ह्याच्यासाठी, की त्या ओढ्याकाठी उभ्या राहिलेल्या दुसऱ्याच कुणासाठी? आणि तो दुसरा तर आता कुठंच नव्हता. त्याची ती एकटीच साक्षीदार राहिली होती.

पाचव्या दिवशी बन्सीनं प्रवीणला खिळा मागितला. टोपी टांगायला, पलंगाशेजारी भिंतीत. जयमालानं कपाटाकडं बोट दाखवलं, आत हुक आहे म्हणाली. "आत टोपी कोन ठिवतं?" बन्सी म्हणाला. "उठलो की हात लावला की गावली पायजे." प्रवीणनं बायकोकडं बघितलं, मग भिंतीच्या नव्या रंगाकडं, आणि हातोडी आणली. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून पलंगाखाली गेला. भिंत सिमेंटची, आत काही शिरू देईना, रंगाचा पापुद्रा तेवढा निघाला. "ऱ्हाऊ दे रे," भागीरथी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मोठा निघाला की तिघांनी वळून बघितलं. प्रवीणला वाटलं, तिला भिंतीची काळजी आहे. "असू दे गं आई, आपलीच हाय," तो म्हणाला, खालच्या मजल्यावरून ड्रिल मशीन मागून आणलं आणि भिंतीला भोक पाडलं. घरभर तो आवाज भरला, आणि तिच्या दाढा आतून थरथरल्या. पांढरी भुकटी बन्सीच्या गोधडीवर पडली. त्यानं टोपी टांगली, काढली, पुन्हा टांगली. तीस हंगामांत त्यानं कुठल्या कोपीच्या मेढीला खिळा मारला नव्हता. टोपी उशाला घेऊन झोपायचा, उठून जायला सोपं म्हणून.

शनिवारी दुपारी जयमाला धनश्रीला घेऊन बाजारात गेली होती, प्रवीण कामावर. भागीरथी मोबाईल घेऊन बाल्कनीत गेली. नावं ती एकेक अक्षर जोडून वाचायची. स, हा, दे, व. लागला.

"सहादेव, उद्या सकाळी जीप घिऊन यी बरं."

"का वो काकू? बरं हाय ना समदं?"

"बरं हाय. ह्यांना गावी आनायचंय."

"बन्सीआबा म्हनले का? परवा तर म्हनत व्हते, लई झ्याक हाय हितं, आता काय येत न्हाई."

"मी म्हनते ना."

सहादेवच्या मागं शेळ्या ओरडत होत्या. "बरं," तो म्हणाला. "धा वाजंपर्यंत येतो. दोघं गडीबी आनतो जिन्याला."

ती आत आली तेव्हा बन्सी जागा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाल्कनी आणि पलंग यांच्यात पडदाच तेवढा होता. ती पलंगाच्या कडेला बसली. तिला वाटलं होतं, आपण समजावून सांगू, गोडीनं सांगू. पण तोच म्हणाला, "कोयत्याचं ध्यानात हाय तुह्या."

"तुमच्या न्हाई?"

"हाय की. नसंल कसं." तो थांबून श्वास घेत राहिला. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला आता तेवढा वेळ लागायचा. "तव्हा मला वाटायचं, मानूस कुटं पडतं त्येच खरं. आता दम लागला ना, मंग काय गाव ध्यानात येत न्हाई, काय न्हाई. कुनाचा तरी हात पाठीला लागावा वाटतं. पोरगं रातच्याला दहादा उठून बघतंय. त्याला वाटतं मी झोपलोय."

"मी लावीन हात. तिथं."

"तू लावशील. पर पोरगं?" मग तो म्हणाला, "मला न्हाई जायचं गं. मला हितं बरं वाटतंय. तुला वाटत न्हाई, ते दिसतंय मला."

हे ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं की तो बरोबर बोलतोय, आणि त्यामुळं तिला त्याचा राग आला. आठवडाभर ती त्याचा शब्द सांभाळत होती, आणि त्या शब्दाच्या आडोशाला तिची स्वतःची दारातली बोर होती, तिची चूल होती, पाय धरणारी जमीन होती. तिनं राग दाबून म्हटलं, "बरं. न्हाई जायचं तर न्हाई जायचं. मंग सुटली म्हना. शपथ तुमी घातली, तुमीच सोडा. येवढं म्हना, मी सहादेवला नगं म्हून सांगते."

बन्सी बोलला नाही. तिला वाटलं दम लागलाय, म्हणून ती थांबली. पण त्याचा श्वास नीट चालू होता.

"म्हना की. सुटली. येक शब्द हाय."

"न्हाई म्हनत."

"का?"

तो खिडकीकडं बघत होता. एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत परत चालला होता. "सुटली म्हनलं," तो म्हणाला, "की झालंच ना मंग. मंग हितंच. आज काय आन् उद्या काय. न सुटली तर..." त्यानं हात हलवला. "अजून जायचंय आसं ऱ्हातं. घरी जायचंय अजून. जायचंय म्हून मी हाय. म्हातारे, तेवढं ऱ्हाऊ दे मला."

"आन् मी? मी बांधलेलीच ऱ्हाऊ?"

"दुसऱ्या कुनाला बांधू?" तो म्हणाला, आणि हसायला गेला, तर खोकला आला. तिनं त्याला पुढं वाकवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. बरगड्या एकेक लागत होत्या. खोकला थांबला तरी तिनं हात काढला नाही. तिला काय वाटत होतं ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो मरणार हे तिला तीन दिवसांपासून माहीत होतं; पण त्यालाही माहीत आहे, आणि तो तिच्या गळ्यातल्या त्या जुन्या दोरीला धरून वर तरंगतोय, हे तिला आत्ता कळलं. दोरी सोडवायची नाही आणि ओढायचीही नाही. जीप आली तर ओढल्यासारखं होतं. जीप येऊन खाली उभी राहिली तर त्याला जायलाच लागलं असतं, आणि मग जायचं उरलं नसतं.

तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी बाल्कनीत गेली नाही. "सहादेव, उद्याचं ऱ्हाऊ दे."

"बघा! मी म्हनलंच व्हतं. मंग कव्हा येऊ?"

तिनं बन्सीकडं बघितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. "येत्या पंधरवड्यात सांगते," ती म्हणाली. "आमाला यायचंच हाय. घर झाडून ठिव तेवढं."

बन्सीनं डोळे उघडले नाहीत, पण मान हलवली. संध्याकाळी जयमाला परत आली तेव्हा भागीरथी ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. जमत नव्हतं, कड फाटत होती. जयमालानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्या, पाट देऊ का?" भागीरथी म्हणाली, "नगं."

त्यानंतर दर पंधरवड्याला ती सहादेवला फोन करायची, बन्सीच्या समोर, आणि जीप पुढं ढकलायची. सहादेव आधी कंटाळला, मग त्यालाही काहीतरी समजलं असावं, कारण तो विचारायचा बंद झाला आणि नुसता "झाडून ठिवतो" म्हणू लागला. प्रवीणला ती कधी काही बोलली नाही. चौथ्या फोनानंतर पुन्हा करायची वेळ आली नाही. बन्सीनं सुटली म्हटलं नाही. त्याला गावी नेलं नाही. नगरच्याच अमरधामात प्रवीणनं अग्नी दिला. संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, बन्सी वारला.